मुलं खेळायची थांबली आहेत, जिमला घालू का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुढे वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. देवगड तालुक्यातल्या एका वाडीत तुमचं घर. मुलगी १४ वर्षांची, नववीत. सातवीपर्यंत लंगडी आणि खो-खोत पुढे असायची, आता पी.टी.च्या तासाला पोटात दुखत असल्याची चिठ्ठी नेते आणि पायरीवर बसून राहते. मुलगा १९ वर्षांचा, आयटीआय करतो. गेल्या वर्षी पोलीस भरतीसाठी रोज डांबरी रस्त्यावर पळायचा, महिन्याभरात नडग्या दुखायला लागल्या, पळणं सुटलं, आता रात्री दोनपर्यंत मोबाइल. जवळ मैदान नाही, पावसाचे चार महिने घरात, आणि नवीन जिम निघाली आहे ती १८ किलोमीटरवर. दोघांना तिथे घालू का, की आमच्या वेळी कुठे होतं असलं काही असं म्हणून सोडून देऊ, असं तुम्ही विचारलंय.

मी रत्नागिरी जिल्ह्यात ३१ वर्षं माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. आता निवृत्त आहे, संध्याकाळी वाडीतल्या पोरांना देवळासमोर घेते. डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे तसं सांगेन.

पहिली गोष्ट, तुमची दोन्ही मुलं आळशी नाहीत. आळशी मूल चिठ्ठी लिहून घ्यायचे कष्ट घेत नाही. मला दिसतं ते असं की दोघांनाही काहीतरी चांगलं जमत होतं, ते चारचौघांसमोर जमेनासं झालं, आणि या वयात चारचौघांसमोर न जमणं म्हणजे मरण. म्हणून दोघांनीही ती जागाच सोडली. जिममध्ये घातलंत तर नवीन जागा, नवीन आरसे आणि नवीन चारचौघं. तिथे टिकणारी मुलंही असतात, पण ती आधीपासून अंगात थोडा भरवसा असलेली.

शारीरिक साक्षरता असा एक शब्द हल्ली शिबिरांत ऐकू येतो. ब्रिटनच्या मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९०च्या दशकात ही कल्पना मांडायला सुरुवात केली. शब्द जड आहे, अर्थ सोपा. वाचता येणाऱ्या माणसाला एसटीची पाटी, औषधाची चिठ्ठी, पेपर काहीही द्या, तो वाट काढतो. तसंच पळणं, उडी मारणं, फेकणं, झेलणं, तोल सांभाळणं, पाण्यावर तरंगणं ही शरीराची बाराखडी. ती येत असेल तर पुढे कबड्डी असो, सायकल असो की चाळिशीतला ट्रेक, माणूस आत शिरायला घाबरत नाही. पण बाई नुसत्या कौशल्यावर थांबल्या नाहीत. इच्छा, आत्मविश्वास, अंगातलं कसब आणि आपल्या शरीराची समज, हे सगळं मिळून त्यांनी साक्षरता म्हटली. तुमच्या मुलीचं कसब अजून आहे, आत्मविश्वास गेलाय. मुलाची इच्छा होती, समज कमी पडली. म्हणून दोघांना एकच उपाय सांगत नाही.

आणि हे तुमच्या घरापुरतं आहे असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी २०१६ची आकडेवारी मांडली तेव्हा जगभरात ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती. मुली ८५ टक्के, मुलगे ७८ टक्के. पुरेशी म्हणजे किती? १७ वर्षांपर्यंत सरासरी रोज ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यात तीन दिवस हाडा-स्नायूंना जोर पडेल असं काही. १८ नंतर आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची हालचाल, शिवाय दोन दिवस ताकदीचं काम. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. जोराची म्हणजे दोन-चार शब्दांवर दम घ्यावा लागतो. घड्याळ-बिड्याळ लागत नाही.

आता मुलीकडे येते, कारण तिचं जास्त गुंतागुंतीचं आहे.

सर्वात आधी रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला. मी कित्येक वर्षं ज्यांना मनातल्या मनात कामचुकार म्हणत होते त्यातल्या किती जणींचं हिमोग्लोबिन नऊ-दहा असेल, देव जाणे. १४ वर्षांच्या मुलीचं १२च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि मग तिला मैदानात दम लागणं हा स्वभाव नसून आजार आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. शाळेत आठवड्याला निळी लोहाची गोळी मिळते, ती ती खरंच गिळते का विचारा. बऱ्याच मुली मळमळतं म्हणून दप्तरात टाकतात. जेवल्यावर घेतली, चहा दोन तास लांब ठेवला, तर सोसते. पाळी फार जात असेल किंवा खरंच पोट दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. तिची चिठ्ठी खोटीच आहे असं धरून चालू नका.

दुसरं कपड्यांचं. हे कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. पी.टी.चा गणवेश पांढरा. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या पँटवर डाग पडेल या भीतीने मुली महिनाभर बसून राहतात, कारण पुढची तारीख कधी उजाडेल याचा या वयात नेम नसतो. आणि छातीला नीट आधार देणारी आतली बनियन नसेल तर पळताना दुखतं आणि लाजही वाटते. बाजारात स्पोर्ट्स ब्रा मिळते, महागडी नको, पण घट्ट बसणारी हवी. एक गडद रंगाची ट्रॅक पँट आणि दोन चांगल्या ब्रा यांनी जेवढ्या मुली माझ्या मैदानावर परत आणल्या तेवढ्या माझ्या भाषणांनी आणल्या नाहीत. शाळेत वर्गशिक्षिकेशी बोला, गडद पँट घालू द्या म्हणून. एका आईने विचारलं की दहा जणींची सोय होते.

तिसरं, तिचं शरीर बदललंय. मुलींची उंची साधारण १२च्या आसपास सर्वात वेगाने वाढते, मुलांची १४च्या. हाडं आधी लांबतात, मेंदूचा अंदाज मागून येतो. कालपर्यंत खांबाला वळसा घालून पळणारी पोर आज त्याच खांबाला धडकते. खो देताना हात पोचत नाही, लोक हसतात. तिला वाटतं आपण बिघडलो. तिला हे कुणी सांगितलेलंच नसतं की काही महिन्यांत अंदाज परत येतो, फक्त तोवर हलत राहायला हवं.

मी स्वतः हे उशिरा शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षांत शेवटी येणाऱ्याला एक फेरी जास्त अशी माझी पद्धत होती. सगळेच तसं करायचे. आठवीतली एक मुलगी रोज शेवटी यायची, रोज एकटी एक फेरी जास्त मारायची, आणि बाकी सगळी ओळीत उभी राहून बघायची. वर्षभराने तिने शारीरिक शिक्षणाच्या तासाला येणंच बंद केलं. बऱ्याच वर्षांनी ती मला गौरीच्या रात्री भेटली, माहेरी आलेली. मध्यरात्र उलटून गेली तरी फुगड्या घालत होती. घाम गाळत, हसत, एकीला दमवून दुसरीला बोलवत. मी घड्याळ लावून बसले नव्हते, पण दीड तास तरी ती थांबली नसेल. मला बघून म्हणाली, "मॅडम, मला पळता नाय येत हां, पण ह्या येता." मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

फुगडी नीट बघा कधीतरी. दोघींनी हात तिढा घालून धरायचे, पावलं जवळजवळ चिकटवून ठेवायची, आणि मग अंग मागे टाकायचं. जी मागे टाकायला घाबरते तिची फुगडी फिरत नाही. कमरेत वाकली की संपलं. टाच ते डोकं एक रेष हवी, वजन समोरचीच्या हातात द्यायचं आणि तिचं आपण घ्यायचं. यात पकड आहे, पाठीचा कणा ताठ ठेवायचं बळ आहे, तोल आहे, दम आहे. मी पुस्तकातून चार वेगवेगळे व्यायाम शिकवायचे त्या सगळ्याचं हे एका अंगणात होतं. तुमची मुलगी बैठ्या फुगड्या, झिम्मा घालत असेल तर ती खेळणं थांबलेली नाही. ती मोजणं चालतं त्या जागेपासून दूर झाली आहे.

म्हणून तिला मैदानावर ढकलू नका. आधी घरामागे, जिथे कुणी बघत नाही तिथे सुरू करा. मी मुलींना सांगते त्यातल्या दोन गोष्टी देते.

एक, उडी. अंगणात एक चिरा टाका. त्यावर उभं राहून खाली उडी मारायची, आवाज न करता. बस्स. धप्प आवाज आला तर परत. आवाज बंद करायचा तर गुडघे आणि कंबर वाकवून, पावलाच्या पुढच्या भागावर उतरावं लागतं. तुम्ही समोरून बघा, उतरताना तिचे गुडघे एकमेकांकडे आत झुकतात का. वयात आल्यावर मुलींमध्ये हे होतं, आणि गुडघ्याच्या सांध्यामधला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा मुलींना जास्त असतो. कबड्डीत आणि खो-खोत झटक्यात थांबणं-वळणं आहे, तिथेच तो तुटतो. उतरायला शिकलेल्या मुलींमध्ये ही दुखापत कमी होते, हे अनेक देशांत तपासून झालंय. दिवसाला दहा-बारा उड्या पुरेत. नंतर एका पायावर.

दुसरी, फेक. जुन्या मोज्यात रेती भरा, गाठ मारा. परसातला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, समोर. बहुतेक मुली उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे टाकतात, त्यामुळे सगळा जोर खांद्यातून येतो आणि चेंडू पायाशी पडतो. मग सगळे हसतात आणि मुलींना फेकता येत नाही असं ठरतं. मुलींना कुणी शिकवलेलंच नसतं, एवढंच. तिला गडग्याकडे डावा खांदा करून आडवं उभं करा. डावा पाय गडग्याकडे टाकायचा, कोपर खांद्याच्या उंचीवर, आधी कंबर फिरते, मग खांदा, शेवटी हात. पहिल्या दिवशी विचित्र वाटतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मोज्याचा गडग्यावर आपटण्याचा आवाज बदलतो, आणि तो आवाज तिला स्वतःला ऐकू येतो. मला तिच्याकडून एवढंच हवंय, की तिला स्वतःला कळावं, आज कालच्यापेक्षा जमलं.

दोन-तीन आठवडे हे झालं की एखादी मैत्रीण येऊ द्या. मग तिघी. संघ, स्पर्धा, मॅडम, शिट्टी हे सगळं नंतर, आणि तिने मागितलं तरच. खो-खोची तिला खरंच ओढ असेल तर जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाचे सामने तिला दाखवा. आपल्या मुलींनी तो जिंकला. पण "बघ, तुला पण जमलं असतं" हे वाक्य तोंडातून काढू नका.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी लिहिते. "जाडी झालीस, जरा हल" असं घरात कुणी म्हणत असेल, आजी, काका, शेजारीण, तर ते बंद करा. वजनासाठी हलणारं मूल वजन उतरलं नाही की थांबतं.

इथवर थोडक्यात सांगायचं तर मुलीसाठी आधी रक्त आणि कपडे, मग एकांतात सराव, मग मैत्रिणी. जिम यात सध्या कुठेच नाही.

आता मुलगा. नडग्यांचं दुखणं भरतीची तयारी करणाऱ्या बऱ्याच पोरांना होतं, कारण तयारीची पद्धत एकच असते. जाहिरात येणार अशी कुजबुज झाली की दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाच किलोमीटर, डांबरावर, घासलेल्या बुटांत. आधीचं वर्षभर काही नाही. हाडाला लागून असलेला भाग एवढा भार एकदम घेऊ शकत नाही, तो सुजतो. नडगीच्या आतल्या बाजूने लांबट पट्ट्यात दुखत असेल आणि आरामाने कमी होत असेल तर सहसा हेच. पण बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखतंय, रात्री झोपेतही ठणकतंय, एका पायावर उडी मारली की कळ येते, असं असेल तर अस्थितज्ज्ञाकडे न्या. हाडाला बारीक चीर असू शकते, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत ती दिसत नाही म्हणून चीर नाही असं समजून परत पळायला लागू नये.

चीर नसेल तर माझा क्रम असा. दोन आठवडे पळणं बंद, चालणं आणि सायकल चालू. रोज पायरीच्या कडेवर पुढचं पाऊल ठेवून टाचा वर-खाली, १५ वेळा, तीनदा. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं २० मिनिटं, एक दिवसाआड. दर आठवड्याला थोडंसंच वाढवायचं. आणि डांबर सोडून पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर.

पुळणीचंही एक शास्त्र आहे, किनाऱ्यावरच्या पोरांनाही ते सांगावं लागतं. कोरड्या भुसभुशीत वाळूत पळू नये, पोटऱ्या आणि टाचेमागची शीर धरते. ओहोटीला जो ओला, घट्ट पट्टा उघडा पडतो त्यावर पळायचं. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एकाच दिशेला पळालात तर एक पाय सतत खाली आणि एक वर राहतो. म्हणून जेवढं जाल तेवढंच परत या. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे रोज सहाला असं वेळापत्रक पुळणीवर चालत नाही. वाडीतल्या कुणाही मच्छीमाराला विचारा, तो तोंडी सांगेल. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असते तेव्हा पट्टा तेवढा रुंद उघडत नाही, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला चांगला मिळतो. माझ्या एका विद्यार्थ्याने भरती-ओहोटीचं कोष्टक भिंतीवर लावलं होतं. पोलीस झाला नाही, पण अजून पळतो.

पोलीस भरतीचं गणित मात्र मुलाला नीट समजावून द्या. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात मुलांना १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. (नवी जाहिरात आली की नियम पुन्हा तपासा.) म्हणजे ३० गुण लांब पळण्याच्या बाहेर आहेत, आणि आपली पोरं वर्षभर फक्त लांब पळतात. गोळा ७.२६ किलोचा. तो खांद्याच्या जोरावर फेकणारा पोरगा आणि पाय-कंबर वापरून ढकलणारा पोरगा यांच्यात सहज दीड-दोन मीटरचा फरक पडतो. मी वर मुलीला फेकायला शिकवायची पद्धत सांगितली ना, पाय, कंबर, खांदा, हात? क्रम तोच. गोळा मानेशी टेकलेला असतो आणि फेकत नाहीत, ढकलतात, एवढाच फरक. बहीण-भावाने एकाच गडग्यासमोर सराव केला तरी चालेल, फक्त भावाने हसायचं नाही.

भरती करायचीच नसेल तरीही वरचं सगळं लागू आहे. १९ हे वय मोठं नाजूक. शाळेचा तास संपतो, संघ संपतो, गावातली निम्मी मित्रमंडळी मुंबई-पुण्याला जाते. उरलेल्याला खेळायला माणूसच नसतो. म्हणून या वयाच्या मुलांना मी व्यायाम कमी सांगते आणि सोबत जास्त. श्रावणात जाखडीची तालीम सुरू होईल. त्याला त्यात पाठवा. पायात चाळ बांधून दोन तास गोलात नाचायचं, ठेका चुकू द्यायचा नाही, वर गणपतीत रात्र-रात्र कार्यक्रम. एवढा दम कुठल्या यंत्रावर निघत नाही. शिमग्यात पालखी खांद्यावर नाचवणारी पोरं बघा, पाय आणि खांदे काय लागतात ते कळेल. नाचायची लाज वाटत असेल तर ढोलकी-झांजेला तरी बसू दे, महिन्याभरात उठेल.

ताकदीचं विचाराल तर हो, ती हवी. वजन उचलून उंची खुंटते हे खरं नाही. नीट शिकवणारा असेल तर तुमच्या मुलीच्या वयालाही ते सुरक्षित आहे. पण सुरुवात अंगाच्या वजनाने. उठाबशा, जोर, आंब्याच्या आडव्या फांदीला लोंबकळणं. मग पाच-सहा किलो रेतीची पिशवी. मुलाला जिमला जायचंच असेल तर आठवड्यातून दोनदा, मित्रासोबत, आणि पहिले तीन महिने फक्त तंत्र शिकायला. पावडरी घेऊ नये. दोन अंडी, मासे, उसळ आणि पेज खाणाऱ्या पोराला डब्यातल्या पावडरीची गरज नसते. १८ किलोमीटर जाऊन-येऊन रोजचा पेट्रोलचा खर्च किती, तोही बघा. आमच्याकडे तीन महिन्यांचे पैसे भरून तिसऱ्या आठवड्यात बंद झालेली मुलं मी मोजत बसले तर वही संपेल.

"घरात पाणी भरते, शेतात येते, तो व्यायाम नाही का?" हे तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण तुमच्या शेवटच्या वाक्यात ते आहे. आहे तर. लावणीच्या आठवड्यात मुलांना वेगळा व्यायाम सांगूच नका, ती हालचाल मोजणीत धरा. पण त्या कामात एकच हालचाल हजारदा होते, वाकून. फेकणं नाही, उडी नाही, वळणं नाही. आमच्या पिढीला शेतकाम होतंच, शिवाय चार मैल पाखाड्या चढून शाळा, झाडावर सूरपारंब्या, मळ्यात विटीदांडू आणि भात कापल्यावर कोरड्या कुणग्यात कबड्डी. यातलं एकेक गळत गेलं आणि उरलं फक्त वाकणं. मग एक दिवस तेही गेलं. दोष मोबाइलला देऊन मोकळं होता येतं, पण मोबाइल रिकाम्या जागेत शिरलाय.

पावसाचं. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. तर चार महिने बसून राहणं परवडणार नाही. पडवी असेल तर दोरीवरच्या उड्या, एका वेळी ५०, दिवसातून चारदा. देवळाचा सभामंडप गुरवांना विचारून संध्याकाळी घ्या, लंगडीला तेवढी जागा पुरते. उघडीप मिळाली की पोरं चिखलात कबड्डी खेळतातच, खेळू द्या, पण पायाला जखम असेल तर नको. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणारा ताप, आपल्या भागात दरवर्षी येतो, आणि चिखलात खेळल्यावर ताप आला तर अंगावर काढायचा नाही, केंद्रात दाखवायचं. उन्हाळ्यात उलटं. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, म्हणून अकरा ते चार मैदान बंद, आणि खेळून आल्यावर पाण्यासोबत मीठ घातलेलं कोकम सरबत.

राहिलं पोहणं. तुम्ही ओझरतं विचारलंय की जबरदस्तीने शिकवू का. जबरदस्तीने नको, पण दोघांनाही शिकवा, आणि मी यादीत हे पहिलं ठेवलं असतं. समुद्र अंगणात असून पोहता न येणारी मुलं मी ढिगाने बघितली आहेत. हे असं कसब आहे की चाळिशीत गुडघे बोलायला लागले तरी सोडून जात नाही. शिकायची जागा विहीर किंवा नदीचा संथ डोह, समुद्र नाही. आम्ही दोन असोले नारळ सुंभाने जोडून छातीखाली घ्यायचो, अजूनही त्याहून चांगलं साधन मला माहीत नाही. पण कमरेला दोर आणि दोराचं टोक पोहणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात, हे हवंच. पहिले दोन दिवस फक्त तोंड पाण्यात घालून बुडबुडे. मग पाठीवर तरंगणं, कान पाण्यात, पोट वर, नजर आभाळाकडे. हात-पाय मारणं सर्वात शेवटी. जे आधी हात-पाय मारायला शिकतात ते दमले की घाबरतात. जे आधी तरंगायला शिकतात ते दमले की उताणे होतात.

समुद्रात जायचं ते पावसाळा सरल्यावर, आणि तेव्हाही एवढं दोघांना पाठ करून घ्या. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत, गढूळ दिसतो. तिथे पाणी आत ओढून नेत असतं. पाहुणे नेमके तिथेच उतरतात, लाट नाही म्हणून. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही. तरंगायचं, हात वर करायचा, आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर यायचं, मग लाटांबरोबर आत.

तुमच्या परिस्थितीतलं बरंच मला इथून दिसत नाही. मुलीला शाळेत कुणी काही बोललंय का, मुलाच्या झोपेमागे दुसरं काही आहे का, घरी कोण कोण आहे. मुलगा सतत एकटा राहतो, जेवत नाही, कशातच मन लागत नाही, असं असेल तर पळण्याच्या आधी डॉक्टरांशी बोला, व्यायाम त्यानंतर. मुलीच्या बाबतीत सहा आठवड्यांत काहीच हललं नाही तर माझा अंदाज चुकला असं समजा, आणि पुन्हा लिहा.

तूर्त मला दोन गोष्टी कळवा. मुलीच्या हिमोग्लोबिनचा आकडा किती आला, आणि तुमच्या विहिरीला आत उतरायला पायऱ्या आहेत की नुसता रहाट आहे. पायऱ्या नसतील तर तिथे शिकवू नका, मी दुसरी सोय सुचवते.